'इनहेरिटन्स' मालिकेचे चार खंड: कोणती प्रत घ्यावी, कुठे धीर धरावा आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पुस्तकं कशी जपावीत

ख्रिस्तोफर पाओलिनीची 'इनहेरिटन्स' ही इंग्रजी ड्रॅगनकथांची मालिका घ्यायची तर चारही खंड घ्यायचे, असं आमचं स्पष्ट मत आहे. नुसता पहिला खंड वाचून ठेवून दिला, तर हाती लागते ती आधी कुठेतरी वाचल्यासारखी वाटणारी गोष्ट. डोंगरात निळा दगड सापडलेला शेतकऱ्याचा पोरगा एरागॉन, त्या दगडातून निघालेलं ड्रॅगनचं पिल्लू सफीरा, जास्त बोलत नसलेला म्हातारा गुरू आणि दूर राजधानीत बसलेला जुलमी राजा. एवढ्यावर मत बनवणारे वाचक पुष्कळ आहेत, आणि पहिल्या खंडापुरतं ते चूकही नाही. या मालिकेचं खरं बळ तिच्यातल्या जादूच्या कायद्यात आहे. तो कायदा पहिल्या खंडात मांडला जातो आणि त्याचे परिणाम पुढचे तीन खंड पुरतात.

आधी जुळवाजुळव. खंड चार: 'एरागॉन', 'एल्डेस्ट', 'ब्रिसिंगर' आणि 'इनहेरिटन्स'. पहिला खंड 2002 मध्ये लेखकाच्या घरच्यांनीच छापला होता, मग 2003 मध्ये नॉफ या प्रकाशनाने तो काढला. पुढचे खंड 2005, 2008 आणि 2011 चे. लेखकाने लिहायला सुरुवात केली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, आणि पहिल्या खंडाच्या भाषेत ते वय दिसतं: विशेषणं जास्त, सूर्यास्त जास्त. चारही खंड मिळून पावणेतीन हजारांच्या आसपास पानं होतात (आवृत्तीप्रमाणे थोडी कमी-जास्त). पहिला पाचशेच्या घरातला, शेवटचा साडेआठशेच्या. म्हणजे पुढे जाल तसा खंड जाडच होत जातो. रोज पन्नास पानं धरली तर पंचावन्न दिवस लागतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीला हात घातला तर सुट्टीत मालिका संपते. इकडच्या मुलांना उर्वरित महाराष्ट्रापेक्षा हे काही दिवस जास्त मिळतात, आणि या मालिकेला नेमके तेच लागतात.

आता जादूचा कायदा. या जगात मंत्राने काही करायचं तर तेच काम हाताने करायला जेवढे श्रम पडले असते, तेवढीच ताकद अंगातून जाते. दगड उचलायला दगडाएवढी, आणि दूरचा दगड असेल तर त्याहून जास्त. ताकदीपेक्षा मोठा मंत्र म्हटला तर म्हणणारा मरतो. एरागॉन पहिल्यांदा जादू करतो तीच मुळी न कळता, जीव वाचवायला. समोरचे दोन शत्रू पडतात आणि पाठोपाठ हाही बेशुद्ध होऊन कोसळतो. त्यानंतर ब्रॉम, म्हणजे तो म्हातारा, त्याला शिकवायला घेतो आणि सुरुवात करतो ती एक खडा हवेत उचलण्यापासून. बाकीच्या ड्रॅगनकथांमध्ये नायकाला शक्ती मिळते. इथे त्याला खर्चाची वही मिळते.

हा नियम लेखक किती लांब नेतो, ते दुसऱ्या खंडातल्या एका प्रसंगात दिसतं. राजाविरुद्ध लढणाऱ्या वार्डन नावाच्या सैन्याकडे पैसा संपलेला असतो. सैन्याची नवी प्रमुख नासुआडा विचार करते की जादूने कोणती वस्तू बनवली तर ती महाग विकली जाईल आणि बनवायला ताकद मात्र कमी लागेल. उत्तर निघतं: लेस. हाताने लेस विणायला दिवसच्या दिवस जातात, म्हणून ती महाग. पण दोरा इकडून तिकडे नेण्यात श्रम असे फारसे नाहीत. मंत्राने तीच लेस झटक्यात तयार होते. ती आपल्या जादूगारांना लेस बनवायला बसवते आणि सैन्याचा खर्च निघतो. त्या जादूगारांना आधी ते कमीपणाचं वाटतं, लढाईसाठी शिकलेली विद्या झालर विणायला वापरायची म्हणून. दोन-तीन पानांचाच प्रसंग आहे. पण वेळ आणि श्रम यांतला फरक ओळखून त्यावर अख्ख्या सैन्याचं अर्थकारण उभं करणारा लेखक आपल्या नियमाबद्दल किती गंभीर आहे, ते इथे कळतं. आमच्या मते या मालिकेतलं हे सगळ्यात हुशार पान आहे.

या नियमातूनच युद्धाची रीतही ठरते. दोन जादूगार समोरासमोर आले की लगेच मंत्र फेकत नाहीत. आधी एकमेकांच्या मनात शिरून ताबा मिळवायची झटापट होते, कारण ताबा न मिळवता वार केला तर मरता मरता समोरचाही आपल्याला घेऊन जाईल. त्यामुळे इथल्या द्वंद्वात कित्येकदा दोघं नुसते उभे असतात, घामाघूम. हिरे-माणकांमध्ये ताकद साठवून ठेवता येते, अगदी इन्व्हर्टरच्या बॅटरीत वीज भरून ठेवावी तशी, आणि ती संपली की संपली. हे ध्यानात ठेवून वाचलं तर लढायांची प्रकरणं दुप्पट रंगतात, कारण कोणाकडे किती शिल्लक आहे याचा अंदाज वाचकही बांधू लागतो.

ड्रॅगनबद्दलही तोच काटेकोरपणा आहे. सफीरा अंड्यातून बाहेर येते तेव्हा हातावर मावेल एवढी असते, आणि आग ओकायला तिला पहिल्या खंडाचा शेवट यावा लागतो. एरागॉन तिच्या पाठीवर पहिल्यांदा बसतो तो खोगिराशिवाय, आणि खाली उतरतो तेव्हा खवल्यांनी त्याच्या मांड्यांची आतली कातडी सोलून निघालेली असते. पुढे ब्रॉम चामड्याचं खोगीर तयार करतो, त्यात पायांना पट्टे. ड्रॅगनवर बसून उडणं हे काम आहे आणि त्याला सामान लागतं, हे लेखक विसरत नाही. सफीराचं बोलणं मनातल्या मनात चालतं. तिचा मान, तिची भूक, तिचा राग सगळं स्वतंत्र आहे. ती नायकाचं वाहन कधीच होत नाही.

वाचक गळतो ती जागा दुसऱ्या खंडात आहे, साधारण पहिल्या दोनशे पानांनंतर. एरागॉन एल्फ नावाच्या जादुई जमातीच्या जंगलात शिकायला जातो आणि कथा बसते. तलवार, मंत्र, आणि एका मोकळ्या जागेत लाकडाच्या ओंडक्यावर बसून आसपासच्या जिवांचं मन ऐकायचं. मुंग्यांची पानंच्या पानं येतात. एल्फ सगळेच सुंदर, सगळेच शहाणे, मांसाहार न करणारे, आणि त्यांच्या तोंडी उपदेश बराच. त्यात एल्फ योद्धा आर्याच्या मागे लागलेल्या एरागॉनचे उसासे. इथे बरेच जण पुस्तक उशाशी ठेवतात आणि ते तिथेच राहतं.

यावर उपाय पुस्तकातच आहे. याच खंडात एल्फांच्या प्रकरणांच्या मधूनमधून रोरानची कथा चालते. रोरान हा एरागॉनचा मामेभाऊ (दोघं एकत्र वाढलेले). त्याच्याकडे ना जादू, ना ड्रॅगन. हातात लोहाराचा हातोडा. राजाचे शिपाई त्याच्या गावाला वेढा घालतात, गावकरी झाडं तोडून आडोसे उभे करतात, आणि शेवटी अख्खं गाव लेकराबाळांसकट डोंगर ओलांडून निघतं. पुढे समुद्रकिनारा, पडाव, चोरलेलं जहाज, भोवरा. अन्न किती उरलं, कोण म्हातारं मागे राहिलं, कोणाला सोबत यायचंच नाही, हे सगळे प्रश्न तिथे आहेत. जंगलातला भाग जड गेला तर दिवसाचं वाचन रोरानच्या प्रकरणावर थांबवायचं. दुसऱ्या दिवशी सुरुवात एल्फांच्या प्रकरणाने होते, तेव्हा डोकं ताजं असतं. शिकवणीची प्रकरणं गाळू मात्र नका. मुंग्यांचं मन ऐकण्याचा तो धडा चौथ्या खंडाच्या शेवटाला थेट भिडतो, आणि तो धडा गाळलेल्या वाचकाला शेवट आयत्या वेळी आणल्यासारखा वाटतो. शेवटाबद्दलच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असावं, असं आम्हाला वाटतं.

तिसऱ्या खंडाची अडचण वेगळी. मूळ बेत तीनच खंडांचा होता. तिसऱ्याचा मजकूर हाताबाहेर वाढला म्हणून 2007 मध्ये लेखकाने चौथा खंड जाहीर केला. त्यामुळे 'ब्रिसिंगर'मध्ये मोठी लढाई नसलेला, बुटक्यांच्या राजाच्या निवडणुकीचा लांबलचक मधला भाग आहे. राजकारण आवडणाऱ्यांना तो चालेल, घाईच्या वाचकाला नाही. पण याच खंडात तलवार घडवण्याचं प्रकरण आहे, आणि त्यासाठी बाकीचं सगळं माफ. एल्फांची लोहारीण ऱ्हुनॉन हिने पुन्हा तलवार न घडवण्याची शपथ घेतलेली असते. मग ती एरागॉनच्या मनात शिरून त्याच्या हातांकडून काम करून घेते. आकाशातून पडलेल्या लोखंडाचा कस, रात्रभर चालणारी भट्टी, वितळून निघालेल्या गोळ्याचे तुकडे निवडणं, कडक पोलाद धारेला आणि त्याहून मऊ पोलाद पाठीला, म्हणजे धार टिकेल आणि पातं तुटणार नाही. यामागे जपानी तलवारी घडवण्याची खरी पद्धत आहे, लेखकाने ती अभ्यासून घेतली आहे. लोखंडकामाची थोडीही ओढ असलेल्या वाचकाने हे प्रकरण सावकाश वाचावं.

चौथा खंड वेगवान आहे. शहरांमागून शहरं, वेढे, आणि तोवर केवळ ऐकलेला राजा गॅल्बटोरिक्स अखेर समोर येतो. तो येतो तेव्हा शांतपणे, मुद्देसूद बोलतो, आणि म्हणून जास्त भीतिदायक वाटतो. या खंडाचा दोष असा की ताकदीचे मोठे साठे एकदम हाती येतात आणि इतक्या निष्ठेने सांभाळलेला हिशोब सैल पडतो. मुख्य लढाई संपल्यावरही बरीच पानं उरतात. ती कंटाळवाणी म्हणून पुष्कळांनी नावं ठेवली आहेत. आम्हाला ती हवीशी वाटली: युद्धानंतर गादी कोणाकडे, जादूगारांवर अंकुश कोणाचा, ड्रॅगन कुठे राहणार, हे प्रश्न उत्तराशिवाय सोडले असते तर इतका पसारा मांडण्यात अर्थ नव्हता.

नावांचं काय करायचं, हे मराठी वाचकाला पहिल्याच दिवशी भेडसावतं. अक्षरांवर टिंबं, टोप्या, मध्येच वर लटकलेला स्वल्पविराम. प्रत्येक खंडाच्या शेवटी उच्चारांची यादी आणि प्राचीन भाषेचा शब्दसंग्रह असतो, तिथे एक चिठ्ठी लावून ठेवा. ढोबळ मानाने एवढं पुरे: देशाचं नाव अलगेझिया, 'मर्टाग'मधला शेवटचा एच मुका, सोनेरी ड्रॅगन ग्लेडर, राजधानी ऊरूबेन. नकाशा पहिल्या पानांवर आहे आणि तो सतत लागतो, विशेषतः एरागॉन एका टोकाला आणि रोरान दुसऱ्या टोकाला असताना. मोबाइलमध्ये नकाशाचा फोटो काढून ठेवला की दर वेळी पानं उलटावी लागत नाहीत.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी आठवी-नववीपासून पुढे ही मालिका योग्य. इंग्रजी अवघड आहे ते जुन्या शब्दांमुळे: चिलखताचे भाग, घोड्याचं सामान, किल्ल्याच्या रचनेचे शब्द. सुरुवातीचं छोटं प्रास्ताविक प्रकरण सगळ्यात जड आहे, त्यावरून पुस्तक ठरवू नका. पहिली तीन प्रकरणं वाचून झाल्यावरही पानागणिक पाच-सहा वाक्यांचा अर्थ निसटत असेल तर वर्षभर थांबलेलं बरं. रक्तपात आहे, फटक्यांची शिक्षा आहे, छळाचे प्रसंगही आहेत, मुख्यतः तिसऱ्या आणि चौथ्या खंडात. पालकांनी ते माहीत असून द्यावं. ऐकायचं असेल तर जेरार्ड डॉयल यांच्या आवाजातली ध्वनिपुस्तकं आहेत, चारही मिळून साधारण शंभर तास. सफीराचा आवाज त्यांनी घोगरा, घुमणारा काढला आहे. तो काहींना अजिबात रुचत नाही, म्हणून विकत घेण्याआधी नमुना ऐका. 2006 चा सिनेमा पाहिला असेल तर तो बाजूला ठेवून पहिलं पान उघडा, त्यात जादूच्या हिशोबाला जागाच नाही.

प्रत कोणती? पेपरबॅकचा चार खंडांचा बॉक्ससेट वाचनासाठी पुरेसा आहे. चार सुटे खंड आणि सेट यांची बेरीज करून पाहा, कधी हे स्वस्त पडतं कधी ते. सुटे घेताना एक अडचण: ब्रिटिश आणि अमेरिकी आवृत्त्यांची उंची आणि मुखपृष्ठं वेगळी असतात, फळीवर रांग जुळत नाही. जॉन ज्यूड पालेनकारची ड्रॅगनच्या तोंडवळ्याची चित्रं (निळी, लाल, सोनेरी, हिरवी) हवी असतील तर चारही एकाच आवृत्तीचे मागा.

नागपुरात बर्डीवर (म्हणजे सीताबर्डीवर) फूटपाथच्या ढिगात पहिला आणि दुसरा खंड सहज दिसतो, तिसरा-चौथा क्वचित, कारण जाड पुस्तक कमी लोक घेतात आणि कमीच विकतात. जुनं पुस्तक घेताना तीन गोष्टी तिथेच उभ्या उभ्या पाहा. नकाशातली बारीक गावांची नावं वाचता येतात का. डुप्लिकेट छपाईत तीच आधी फुटतात. शेवटचा शब्दसंग्रह शाबूत आहे का; नसेल तर मागची पानं गळालेली आहेत. आणि पानांचे आकडे चाळा, कारण डुप्लिकेट प्रतीत एखादा फर्मा (एकत्र छापलेल्या पानांचा गठ्ठा) दोनदा लागलेला किंवा गायब असतो, आणि ते साडेतीनशेव्या पानावर कळून उपयोग नाही. कागद करडा, हाताला खरखरीत आणि पुस्तक आकाराच्या मानाने हलकं लागलं तर ठेवून द्या.

नागपुरात या जाडीच्या पेपरबॅकचे दोन शत्रू आहेत: ऊन आणि कूलर. कण्याला लावलेला गोंद उष्णतेने मऊ पडतो. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटीच्या डिक्कीत दुपारभर पुस्तक राहिलं, की कणा वाकतो आणि नंतर त्याच जागी पानांचा गठ्ठा सुटतो. आठशे पानांच्या खंडात हे हमखास मधोमध होतं. कूलरचं उलट. ओली हवा थेट अंगावर आली की कागद ओल धरतो, पानं लाटांसारखी होतात, मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळतं, आणि फुगलेले खंड बॉक्सच्या खोक्यात परत शिरत नाहीत. ढकलून बसवले तर खोकं कोपऱ्यात फाटतं. म्हणून कूलरसमोर वाचायचं तर हवेच्या झोताच्या बाजूला बसा, समोर नको, आणि रात्री पुस्तक त्या खोलीत उघडं ठेवू नका. लोखंडी कपाटापेक्षा लाकडी बरं. फुगलेला खंड उन्हात वाळत घालू नका. सपाट जागी आडवा ठेवून वर दोन जड पुस्तकं ठेवा, कूलर नसलेल्या खोलीत चार-पाच दिवसांत तो बराचसा सरळ होतो. पावसाळ्याआधी कसर लागू नये म्हणून प्रत्येक खंडाची पानं एकदा फरफर चाळून घ्यावीत.

नवा जाड खंड पहिल्याच दिवशी मधोमध उघडून दाबू नये. कण्यावर उभा धरा, पुढची दहा-पंधरा पानं एका बाजूला आणि मागची दहा-पंधरा दुसऱ्या बाजूला हलक्या हाताने सपाट करा, मग पुढची, असं करत मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे. ते केलं तर 'इनहेरिटन्स'चा कणा शेवटपर्यंत टिकतो. प्रवासात वाचायचं तर पहिला खंडच सोयीचा: प्रकरणं बहुतेक आठ-दहा पानांची, लोकमान्य नगरहून सीताबर्डीपर्यंत मेट्रोत एक नीट संपतं. चौथा खंड उभ्याने एका हातात धरून वाचण्याचा नाही.

चार खंडांनंतर काय, हा प्रश्न येतोच. 2018 चा 'द फोर्क, द विच अँड द वर्म' हा तीन कथांचा छोटा संग्रह आणि 2023 ची 'मर्टाग' ही मोठी कादंबरी. याच क्रमाने वाचा, कारण संग्रहातल्या पहिल्या कथेत 'मर्टाग'ची पेरणी आहे. संग्रह एका बैठकीचा आहे आणि त्यातली पर्वतावरच्या ड्रॅगनची शेवटची कथा सर्वांत सरस. 'मर्टाग' मात्र आम्ही पूर्ण मनाने सुचवतो. लेखक आता चाळिशीला आलेला आहे आणि ते प्रत्येक पानावर जाणवतं: वर्णन आटलं आहे, नायक मर्टागला मदत करणारं सैन्य नाही, सगळे त्याला गद्दार समजतात, आणि ताकदीचा तो जुना हिशोब पुन्हा पैशापैशाने मांडला आहे. चौथ्या खंडात जे सैल पडलं होतं, ते इथे परत घट्ट झालं आहे. बॉक्ससेट घेताना हातात पैसे उरत असतील, तर चारही खंडांची हार्डबाऊंड घेण्यापेक्षा ती पेपरबॅकमध्ये घ्या आणि उरलेल्या पैशांत 'मर्टाग' घ्या.